टेबलावरचा रणगाडा

सप्टेंबर महिना जवळ आला, की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांतून मुक्तिसंग्राम दिनाची तयारी सुरू होते. १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते, भाषणे होतात, आणि कित्येक शाळांत एखाद्या वर्गखोलीत मुलांनी मांडलेले छोटेसे प्रदर्शनही असते. असेच एक प्रदर्शन पाहण्याचा योग मला आला होता. मुलांनी मातीचा नळदुर्गचा किल्ला केला होता. निळ्या कागदाची बोरी नदी होती, तिच्यावर पुठ्ठ्याचा पूल होता, आणि पुलावरून बाजारात मिळणारे तीन लोखंडासारखे दिसणारे रणगाडे किल्ल्याकडे निघाले होते. भोवती पिवळी माती भुरभुरलेली होती. कष्ट पुष्कळ घेतले होते, यात शंका नाही.

गावातले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले, टेबलावर वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, समदं ब्येस हाय. पर भादव्यात येवढा फुफाटा कुठनं आला? आन् ह्यो रणगाडा तर परवाच्या दिशी टीव्हीत दावला, तसला दिसतोय.”

गुरुजी हसले, मीही हसलो. पण घरी परतताना मनात आले, की म्हाताऱ्याने दोन वाक्यांत साऱ्या प्रतिकृतिविद्येचे मर्म सांगितले. टेबलावरची वस्तू लहान असली म्हणून ती खोटी असावी, असे नाही. लहान करूनही ती खरी ठेवता येते. मात्र त्यासाठी थोडे गणित, थोडा इतिहास आणि थोडी हातची कारागिरी यांची सांगड घालावी लागते. ती कशी घालायची, याविषयी आज आपण बोलू.

प्रथम प्रसंग नीट ध्यानात घेऊ. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे चारच्या सुमारास भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. आपला जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने त्या संस्थानात होता. लष्कराच्या कागदोपत्री या मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ म्हणत, आणि लोकांच्या तोंडी नाव बसले ते ‘पोलीस ॲक्शन’. पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. सातव्या ब्रिगेडने बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वीच, शाबूत हाती घेतला. पूल आणि रस्ता मोकळा होताच चिलखती दलाची तुकडी पुढे निघाली. सकाळी नऊला ती जळकोटला होती आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्याला. दुसरी एक तुकडी पहाटेच तुळजापूरला पोचली. तेथे सुमारे दोन तास लढत झाली. तिला पुढे लोहाऱ्याकडे जायचे होते, पण नदीला पूर आल्यामुळे तिची वाट अडली. चार दिवसांनी, १७ तारखेला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

म्हणजे पाहा, आपल्या रोजच्या वाटेवरची ही गावे. ज्या रस्त्याने आपण एस. टी.ने सोलापूरला जातो, त्याच रस्त्याने रणगाडे आले. असा प्रसंग मुलांनी टेबलावर मांडावा, हे योग्यच आहे. पण मांडायचा, तर तो त्या दिवसाचाच दिसला पाहिजे. आजच्या बाजाराचा दिसता कामा नये.

आता बाजारातल्या या धातूच्या रणगाड्याकडे वळू. इंग्रजीत याला डाय-कास्ट म्हणतात. लोखंडाचा वाटला, तरी तो लोखंडाचा नसतो. जस्तात शेकडा चारच्या आसपास ॲल्युमिनियम आणि किंचित तांबे व मॅग्नेशियम मिसळून हा मिश्रधातू करतात. तो सुमारे ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे लोखंडाच्या मानाने फारच लवकर. वितळलेला रस पोलादी साच्यात मोठ्या दाबाने घुसवतात. काही क्षणांत तो थिजतो, साचा उघडतो आणि खेळणे बाहेर पडते.

आपल्या घरी गणपतीत मोदकाचा साचा असतो, तो आठवा. दोन पाकळ्यांत सारण भरतो, दाबतो, पाकळ्या उघडतो. मोदक सहज सुटतो, कारण त्याच्या बाजू निमुळत्या असतात. त्या बाजूंना आतून आकडा किंवा खाच असती, तर मोदक साच्यातच अडकून फुटला असता. धातूच्या खेळण्याचेही तसेच. साच्यातून सुटावे म्हणून त्याच्या बाजू किंचित तिरक्या कराव्या लागतात, आत वळलेल्या खाचा गाळाव्या लागतात आणि बारीक भाग जाड करावे लागतात. खऱ्या रणगाड्याच्या चाकांवरचा पत्रा समजा तीन मिलिमीटर जाडीचा आहे. बहात्तरपट लहान केला, तर तो ०.०४ मिलिमीटर होईल. वहीचा कागदसुद्धा याच्या दुपटीहून जाड असतो! इतका पातळ पत्रा साच्यात ओतता येत नाही आणि ओतला, तरी मुलाच्या हाती टिकत नाही. म्हणून कारखानदार तो दहा-वीसपट जाड करतो. ही लबाडी नव्हे, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे. आपण मात्र ती ओळखली पाहिजे.

जुन्या खेळण्यांबद्दल येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. जस्तात शिसे थोडे जरी मिसळले, तरी तो धातू काही वर्षांनी आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. १९३० नंतरच्या दशकातली कित्येक विलायती खेळणी अशी कपाटात बसल्या बसल्या विरून गेली. शुद्धतेकडे केलेले दुर्लक्ष वरून रंग चढवून झाकता येते, पण काळापुढे ते उघडे पडते.

आता मुख्य विषय, प्रमाणाचा. खोक्यावर १:७२ किंवा १:४३ असे छापलेले असते. म्हणजे काय? खऱ्या वस्तूची ७२ मापे म्हणजे प्रतिकृतीचे एक माप. खरी वस्तू ७२ सेंटिमीटर, तर प्रतिकृती एक सेंटिमीटर. शाळेत शिकवतो, ते गुणोत्तर ते हेच. पण ७२ किंवा ४३ असले विचित्र आकडे का, असा प्रश्न चौकस मूल विचारील. त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. ज्या देशांत ही विद्या वाढली, तेथे माप फूट-इंचात होते. सहा फुटांना एक इंच धरला, की सहा गुणिले बारा, म्हणजे १:७२ हे प्रमाण होते. चार फुटांना एक इंच धरला, की १:४८ होते. खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्यांनी एका फुटाला सात मिलिमीटर धरले, त्यावरून १:४३ निघाले. आगगाडीच्या स्टेशनाबाहेर ठेवायला मोटारी हव्या होत्या, म्हणून मोटारीही त्याच मापाच्या झाल्या. १:३५ची कथा तर आणखी निराळी आहे. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जपानच्या तामिया कारखान्याने प्लॅस्टिकचा एक जर्मन रणगाडा काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल बसावेत, इतके त्याचे पोट मोठे केले. मागाहून मोजले, तेव्हा प्रमाण पस्तिसाच्या आसपास भरले, आणि पुढे जगभर तेच रूढ झाले!

आणखी एक प्रमाण बाजारात चालते, आणि ते कोठल्याही पुस्तकात नसते. त्याला मी ‘खोक्याचे प्रमाण’ म्हणेन. इंग्लंडमध्ये १९५३पासून मॅचबॉक्स नावाची खेळणी निघाली. नावाप्रमाणे ती काडेपेटीसारख्या खोक्यात बसत. खोके सर्वांना एकाच मापाचे, म्हणून मोटार असो, बस असो वा रणगाडा असो, सारे त्या खोक्यात मावेल इतके लहान करायचे. परिणामी लहान मोटार आणि मोठी बस शेजारी ठेवल्या, तर दोन्ही सारख्याच लांब दिसत. आपल्याकडच्या जत्रेतल्या खेळण्यांचेही बहुधा हेच प्रमाण असते. तेव्हा खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. पट्टी घ्या आणि स्वतः मोजा.

मोजायचे कसे, ते उदाहरणाने पाहू. १९४८ साली आपल्या सैन्याकडे मुख्यतः दोन अमेरिकी बनावटीचे रणगाडे होते. एक हलका, स्टुअर्ट. दुसरा त्याहून भारी, शर्मन. दुसऱ्या महायुद्धात शर्मन जवळजवळ ५० हजार तयार झाले. आपल्या सैन्यात तो १९६५च्या युद्धापर्यंत होता. त्याच्या एका प्रकाराची लांबी सुमारे ५८४ सेंटिमीटर, रुंदी २६२ आणि उंची २७४ सेंटिमीटर. आता समजा, तुमच्या हातातला ‘शर्मन’ बारा सेंटिमीटर लांब, सहा रुंद आणि पाच उंच आहे. प्रत्येक खरे माप खेळण्याच्या मापाने भागा.

लांबी : ५८४ भागिले १२, म्हणजे सुमारे ४८.७.
रुंदी : २६२ भागिले ६, म्हणजे सुमारे ४३.७.
उंची : २७४ भागिले ५, म्हणजे ५४.८.

तिन्ही उत्तरे सारखी आली असती, तर खेळणे प्रमाणशीर म्हणता आले असते. ती सारखी नाहीत. लांबीचे प्रमाण खरे धरले, तर रुंदी ५.४ सेंटिमीटर हवी होती, ती सहा आहे. उंची ५.६ हवी होती, ती पाच आहे. म्हणजे हा रणगाडा कोणीतरी वरून दाबून पसरट केला आहे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. भागाकाराचे एरवी कंटाळवाणे वाटणारे उदाहरण मुले कशी चढाओढीने सोडवतात, ते पाहावे.

या मापांवरून आणखी एक खूण हाती लागते. शर्मन हा रुंदीपेक्षा उंच रणगाडा आहे. आजचा टी-९० याच्या अगदी उलट. त्याची रुंदी सुमारे पावणेचार मीटर आणि उंची सव्वादोन मीटर. तो जमिनीला चिकटून बसलेला, हा उभा राहिलेला. शर्मनला प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांच्या तीन जोड्या असतात, आणि त्याचा बुरूज गोलसर असतो. आता त्या वृद्ध गृहस्थांचे बोल आठवा. टेबलावरचा रणगाडा टीव्हीतल्यासारखा दिसत होता, कारण तो आजच्याच रणगाड्याची नक्कल होता. म्हाताऱ्याला नाव ठाऊक नव्हते, पण डोळा बरोबर होता.

माणसांचेही गणित करू. प्रदर्शनात प्लॅस्टिकचे सैनिक असतात, ते साधारण सहा सेंटिमीटर उंचीचे. साडेपाच फुटांचा, म्हणजे १६८ सेंटिमीटरचा माणूस धरला, तर त्यांचे प्रमाण १:२८. शेजारचा रणगाडा आठ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचे प्रमाण १:७३. या रणगाड्याच्या हिशेबाने तो सैनिक चौदा फूट उंच झाला! नऊ फुटी रणगाडा त्याच्या जेमतेम बरगड्यांपर्यंत पोचतो. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा मोठा असतो, तेव्हा आपण हसून सोडून देतो. तो सणाचा खेळ आहे आणि तेथे ते शोभतेही. पण खाली ‘नळदुर्ग, १३ सप्टेंबर १९४८’ अशी पाटी लावली, की तो खेळ राहत नाही, ती साक्ष होते. साक्षीला माप लागते. १:७२च्या रणगाड्याशेजारी माणूस सव्वादोन ते अडीच सेंटिमीटरचाच हवा. १:३५च्या शेजारी पावणेपाच ते पाच सेंटिमीटरचा चालेल.

गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. लांबी ७२पट कमी झाली, म्हणजे वजनही ७२पट कमी होईल का? नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७२पट कमी होतात. म्हणून आकारमान ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८पट कमी होते. ३० टनांचा शर्मन या हिशेबाने सुमारे ८० ग्रॅमचा होईल. १:३५ला तोच सुमारे ७०० ग्रॅम भरेल. एका आकड्याचा फरक आणि वजन नऊपट! पाण्याची टाकी दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट खोल केली, तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट मावते. हे ज्या मुलाला रणगाड्यावरून कळले, ते शेततळ्याच्या हिशेबातही फसणार नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. विकत आणलेली प्रतिकृती आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेण्याचा छंद जगभर आहे. त्यात हजारो रुपये घालणारे लोक आहेत. आपल्याला तसे करायचे नाही. आधी एवढेच ठरवायचे, की काय बदलता येते आणि काय नाही. मूळ घडण, चाकांची संख्या, बुरुजाचा आकार ही बदलत नाहीत. टी-९०चा शर्मन होत नाही. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा लाकडाच्या ठोकळ्यावर पुठ्ठा चिकटवून नवा शर्मन करणे सोपे आणि स्वस्त. पण मूळ घडण बरोबर असेल, तर चार गोष्टी सहज सुधारता येतात.

पहिली, तोफेची नळी. साच्यातली नळी जाड, भरीव आणि आखूड असते. शर्मनच्या तोफेचे तोंड आतून ७५ मिलिमीटर. १:३५च्या प्रमाणात ते दोन मिलिमीटरहून किंचित जास्त होते. बॉलपेनची रिकामी बारीक रिफिल साधारण तीन मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ असते. ती धुऊन, मापाने कापून बसवली, की नळी जवळजवळ बिनचूक होते. १:५०च्या रणगाड्याला सायकलचा स्पोक चालतो. दोन मिलिमीटर गुणिले पन्नास, म्हणजे दहा सेंटिमीटर. बाहेरची जाडी म्हणून हे माप बरेच जवळचे आहे.

दुसरी, खुणा. बाजारातल्या शर्मनवर बहुधा अमेरिकेचा पांढरा तारा असतो. हा तारा घेऊन तो नळदुर्गला आला नव्हता. तारा पुसा. पण त्याच्या जागी मनाने दुसरे काही रंगवू नका. पुरावा नसेल, तेथे जागा मोकळी ठेवणे हाच खरेपणा. तिरंगा लावावासा वाटला, तर तो टेबलाच्या कडेला लावा, रणगाड्यावर उगीच फडकवू नका.

तिसरी, रंग. चकचकीत तैलरंगाचे दोन हात दिले, तर जाडी सहज ०.२ मिलिमीटर होते. ७२ने गुणा. खऱ्या रणगाड्यावर ती १४ मिलिमीटर जाडीचा लेप झाली! बारीक खिळे, फटी, जोड सारे त्याखाली बुजते. म्हणून रंग पातळ हवा आणि चमक नसलेला हवा. शिवाय तो किंचित फिका करावा. १:७२चा रणगाडा आपण हातभर अंतरावरून, समजा अर्ध्या मीटरवरून पाहतो. म्हणजे खरा रणगाडा ३६ मीटरवरून पाहिल्यासारखे झाले. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते. शेताच्या बांधावरून पलीकडची टेकडी निळसर-करडी दिसते, तसेच. म्हणून हिरव्या-तपकिरी लष्करी रंगात पांढऱ्याचा एखादा थेंब मिसळला, की तो खरा भासतो.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, माती. येथेच आपल्या म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न येतो. बहुतेक मंडळी रणगाडा म्हटला, की वाळवंट डोळ्यांसमोर आणतात आणि पिवळी धूळ फासतात. आपल्या प्रसंगाची तारीख १३ सप्टेंबर, महिना भाद्रपद. लोहाऱ्याच्या वाटेवर नदी दुथडी भरलेली. तेव्हा चाकांना धूळ नको, चिखल हवा. आणि तोही पिवळा नको, आपल्या काळ्या रानाचा, मुरमाच्या रस्त्याला लागून कडेने तांबूस झालेला. शेतातली काळी माती चाळून, डिंकाच्या पाण्यात कालवून साखळीपट्ट्यांना लावा. यासाठी दुकानात जायला नको, बांधावर गेले म्हणजे झाले.

रणगाड्याभोवतीचे रानही असेच तपासा. आज सप्टेंबरात आपल्याकडे नजर पोचेल तिथवर सोयाबीन दिसते. १९४८ साली ते नव्हते. ते पीक आपल्याकडे पुष्कळ नंतर आले. टेबलावर सोयाबीन लावले, तर ते रणगाड्यावर मोबाईलचा टॉवर उभारल्यासारखेच होईल. चौपदरी महामार्ग, विजेचे खांब, पवनचक्क्या, पत्र्याची शेड ही सारी आजची. तेव्हा काय होते, ते गावातल्या ऐंशी-पंचाऐंशीच्या माणसांना विचारा. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. ही माणसे आता थोडी उरली आहेत. पुस्तकात न सापडणारे तपशील त्यांच्याकडे आहेत, आणि दर वर्षी त्यांतले काही आपण कायमचे गमावतो आहोत.

अंतराची एक अडचण मात्र कोणालाच सुटत नाही. नळदुर्ग ते जळकोट सुमारे आठ किलोमीटर. १:७२ने ते १११ मीटर होतात. एवढे टेबल कोणत्या शाळेत आहे? म्हणून दोन मांडण्या कराव्यात. एका टेबलावर फक्त पूल आणि दोन-तीन रणगाडे, एकाच प्रमाणात. भिंतीवर १:५०,०००चा नकाशा. त्यात आठ किलोमीटर सोळा सेंटिमीटरांत बसतात. त्यावर टाचण्या आणि दोरा लावून तुकड्यांची वाट आणि वेळ दाखवावी. टेबल डोळ्यांना सांगते, नकाशा बुद्धीला सांगतो. दोन्ही एकाच टेबलावर कोंबले, की दोन्ही खोटी होतात.

थोडी सावधगिरीही सांगितली पाहिजे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, ते मुलांना खरवडायला देऊ नका. घासायचेच असेल, तर मोठ्यांनी पाण्यात ओले करून घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. रंग काढण्याची औषधे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावीत. आणि जस्त लवकर वितळते म्हणून घरच्या चुलीवर ओतकाम करून पाहण्याचा मोह मुळीच धरू नये. जुने, मूळ खोक्यासकट असलेले खेळणे हाती आले, तर ते बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. एकदा खरवडले, की त्याचे मूळ रूप परत येत नाही.

खरा रणगाडा पाहायचा असेल, तर सहल अहिल्यानगरला न्यावी. तेव्हाच्या अहमदनगरात १९९४ साली सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम तेथे आहे. निरनिराळ्या देशांचे रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. मुलांना नुसते फोटो काढू देऊ नका. एकाला रणगाड्याशेजारी उभे करा, बाकीच्यांनी दुरून पाहून त्याच्या उंचीच्या किती पट रणगाडा आहे, त्याचा अंदाज करावा. त्या दिवशी जे माप डोळ्यांत बसेल, ते जन्मभर जाणार नाही.

शेवटी एक नाजूक गोष्ट, पण टाळता न येणारी. टेबलावर रणगाडे, पूल आणि किल्ला दाखवता येतो. त्या काळातले माणसांचे दुःख दाखवता येत नाही. पोलीस ॲक्शनपूर्वी रझाकारांच्या जुलमाने आपल्या भागातली गावेच्या गावे हवालदिल झाली होती. कित्येक कुटुंबे सोलापूरच्या हद्दीत जाऊन राहिली होती. आणि कारवाईनंतरच्या दिवसांत सूडाच्या भरात निरपराध मुसलमान रयतेलाही फार सोसावे लागले. केंद्र सरकारने १९४८च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्यासह काही मंडळींना पाहणीसाठी पाठवले. त्यांनी ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोचल्याचे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद हा एक होता. हे सारे पुठ्ठ्याने करू नये. पण शेजारच्या पाटीवर दोन सरळ वाक्यांत लिहावे. तोफेची नळी मिलिमीटरने मोजायची आणि माणसांच्या वेदनेचे मापच सोडून द्यायचे, याला प्रमाण म्हणत नाहीत.

त्या पाटीवर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात, असे मी सुचवतो. प्रतिकृतीचे प्रमाण काय आहे. कोणत्या गोष्टी प्रमाणात नाहीत. आणि कोणती माहिती कोणाकडून मिळाली. ‘पूल व रणगाडे १:३५. नदीची रुंदी अंदाजे. पिकांची माहिती गावातील वडीलधाऱ्यांकडून.’ एवढे पुरे. आपल्या कामातले उणे आपणच सांगितले, तर पाहणाऱ्याचा उरलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो. मुलांनी ही सवय रणगाड्यावरून शिकली, तर पुढे हिशेब लिहिताना, पंचनामा करताना, बातमी सांगताना तिचा उपयोग होईल.

पुढच्या वर्षी मुलांनी टेबल मांडले, की त्या काठी टेकीत येणाऱ्या आजोबांना आधी बोलवा. त्यांनी वाकून पाहावे, चिखल भरलेली चाके न्याहाळावीत आणि ‘हां, असंच होतं’ म्हणून मान हलवावी. परीक्षकांच्या पहिल्या बक्षिसापेक्षा ती मान हलणे मोठे आहे.